मोहीम कुठली घ्यायची?

मंडळी, या विकांताचा विषय जरा आडवाटेचा आहे. आमचा खेळाचा जुना गट पंधरा-सोळा वर्षांनी पुन्हा बसायचं म्हणतोय, आणि छापून मिळणाऱ्या मोहिमांपैकी कुठली खेळायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. दिसायला सोपं काम. आंतरजालावर 'सर्वोत्तम दहा'च्या याद्या पैशाला पासरी मिळतात. पण त्या वाचून काही ठरेना, म्हणून मी या मोहिमांचा इतिहासच वाचायला घेतला. उत्तर तिथे मिळालं असं मला वाटतंय. तुम्हाला पटतं का बघा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. टेबलटॉप आरपीजी म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मिळून रचलेली गोष्ट. प्रत्येकाचं एकेक पात्र. एक जण सूत्रधार. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, बाकीचे 'मी दार ढकलतो', 'मी पळतो' असं आपापलं सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. एका बैठकीत संपली तर ती एकांकिका. तीच पात्रं घेऊन वर्षानुवर्षं चालू राहिली तर ती कॅम्पेन, म्हणजेच मोहीम.

आमची मागची मोहीम होती 'एज ऑफ वर्म्स'. 'डंजन' नावाच्या अमेरिकन मासिकात २००५-०६ मध्ये बारा भागांत छापून आलेली. आम्ही कॉलेज संपता संपता सुरू केली, आणि चौथ्या भागात असताना एकाला ऑनसाईट पाठवलं, दुसऱ्याचं लग्न ठरलं, तिसऱ्याला रात्रपाळी लागली. भांडण नाही, काही नाही. पुढची तारीख ठरली नाही, एवढंच. आता परत बसायचं ठरतंय तेव्हा आमच्या कल्याणकराने एकच वाक्य टाकलं, "पुन्हा अर्धवटच राहणार असेल तर मला नको रे, त्यापेक्षा वडापाव खायला भेटू." आणि ते बरोबर आहे. चाळिशीच्या आसपास माणसं एकदा परत जमतात. दुसऱ्यांदा मोडलं की मग फक्त वाढदिवसाचे मेसेज.

तर आता आमच्या रिक्वायरमेंट्स. पाच माणसं: दोघं ठाण्यात, दोघं डोंबिवलीत, एक कल्याणला. महिन्यातून एक रविवार, साडेतीन तास. रविवार म्हटला की मेगाब्लॉक आला. घरी लहान मुलं, म्हातारे आईवडील. म्हणजे पाचपैकी चार जण येतील असं धरायचं, आणि न येणारा दर वेळी वेगळा. मे महिना, गणपती, दिवाळी वजा करता वर्षाला नऊ बैठका झाल्या तरी खूप.

हे आकडे डोक्यात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या कुळातला मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा, १९७४ सालचा. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. गंमत म्हणजे त्या डब्याच्या झाकणावरच 'कॅम्पेन' हा शब्द होता, कारण ही सगळी मंडळी युद्धखेळांमधून आलेली. शिशाचे सैनिक टेबलावर मांडून एकामागून एक लढाया जोडत न्यायच्या, ती कॅम्पेन. पण खेळायला तयार गोष्ट मात्र डब्यात नव्हती. टीएसआर या प्रकाशन कंपनीचा समज असा की भुयारं, राक्षस, नकाशे लोक आपापले रचतील, तीच तर मजा आहे. दुसऱ्याने रचलेलं विकत कोण घेईल? दिवाळीत किल्ला विकत आणणाऱ्या पोराकडे आपण जसे बघायचो, साधारण तसंच. पण १९७६ मध्ये 'पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन' ही पुस्तिका बाहेरच्याच एका छोट्या प्रकाशकाने काढली, लोकांनी ती घेतली, आणि समज बदलायला लागला.

टीएसआरने स्वतः साहसं छापायला सुरुवात केली १९७८ साली, तीही स्पर्धेच्या निमित्ताने. 'ओरिजिन्स' या खेळ-मेळाव्यात राक्षसांच्या गढ्यांवरची तीन साहसं स्पर्धेसाठी खेळवली गेली आणि छापून विकायलाही आली. स्पर्धा म्हणजे कशी, तर वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळे चमू, सगळ्यांना तेच भुयार, ठरलेली वेळ, आणि शेवटी गुण. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धेसारखंच. त्यामुळे त्या पातळ पुस्तिकांमध्ये गोष्ट अगदी नावाला आहे आणि खोल्या भरपूर. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी चार तासांत काहीतरी पार पाडावं यासाठी त्या लिहिल्या होत्या. लोकांनी मात्र त्या घरी नेल्या, पुढच्या पुस्तिकांना जोडल्या, आणि त्याची आपोआप मोहीम झाली.

इथेच माझी ट्यूब पेटली. प्रत्येक छापील मोहिमेत ती कुठल्या बैठकीसाठी लिहिली गेली याची खूण असते. पण पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं असतं ते वेगळंच: राक्षस किती, पानं किती, कुठल्या पातळीपासून कुठल्या पातळीपर्यंत. आपली बैठक त्या मूळ बैठकीशी जुळते का, हे कोणी सांगत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. दहा युजरसाठी लिहिलेली सिस्टिम आणि दहा हजारांसाठी लिहिलेली, दोन्हींचा स्क्रीन एकसारखा दिसू शकतो.

हा चष्मा लावून पुढे बघू.

१९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवराबायकोचं 'रेव्हनलॉफ्ट' आलं. व्हॅम्पायरचा किल्ला, अंधारी दरी, धुकं. मूळ पुस्तिका ३२ पानांची. हे दोघं ती घरी हॅलोवीनच्या रात्री खेळवायचे. म्हणजे बैठक कुठली? वर्षातून एक रात्र, ओळखीची माणसं, मेणबत्त्या. याच ऐवजाचं २०१६ साली 'कर्स ऑफ स्ट्राड' झालं, २५६ पानांचं. सगळ्या याद्यांमध्ये हे पुस्तक वरच्या क्रमांकावर असतं, आणि चांगलं आहेच. पण त्याची कल्पनाच अशी की धुक्याने वेढलेल्या त्या दरीतून बाहेर पडता येत नाही. मग आमचा डोंबिवलीकर एका रविवारी आला नाही तर त्याचं पात्र कुठे गेलं? दरीतून तर कोणी जाऊ शकत नाही! भीतीसाठी उत्तम असलेली गोष्ट हजेरीच्या दृष्टीने नेमकी अडचणीची.

त्याच हिकमनांच्या पुढाकाराने १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स' आलं. जागतिक युद्ध, ड्रॅगन, आणि सोबत कादंबऱ्या. पात्रंही आधीच लिहून तयार. इथे पहिल्यांदा मोहिमेला कादंबरीसारखी सुरुवात, मध्य, शेवट आला, आणि त्याबरोबर एक तक्रारही आली: गोष्ट ठरलेली असल्याने खेळाडूंना तिच्याच मार्गाने जावं लागतं. खेळाडूंच्या भाषेत याला रेलरोडिंग म्हणतात. आता १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली त्या ठाण्याच्या माणसाला रूळांचं काय वावडं असणार? रूळ असले की गाडी कुठेतरी पोचते तरी. अडचण वेगळीच आहे. कादंबरीचं मधलं प्रकरण चुकवून चालत नाही.

१९८४ चंच दुसरं मोठं नाव 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप'. लॅरी डिटिलिओ यांनी लिन विलिस यांच्यासोबत लिहिलेलं. १९२५ सालची गोष्ट. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय. जॅक्सन इलायस नावाचा एक लेखक मित्र मारला जातो आणि त्याचा माग काढत जगभर हिंडायचं. पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, काड्यापेटी असे कागदी पुरावे खेळाडूंच्या हातात द्यायचे. या खेळात पात्रं धडाधड मरतात, पण तपास चालू राहतो, कारण स्मृती त्या कागदांत असते. मला ही कल्पना फार आवडते. पण पुरावा महिन्यापूर्वी हातात आलेला, त्यात मध्ये दोन रिलीज, एक आजारपण आणि शाळेचं ॲडमिशन. दर आठवड्याला बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं गुपित महिन्याने बसणाऱ्यांच्या हातात टिकत नाही. पहिला तास उजळणीतच जाणार.

आता 'एज ऑफ वर्म्स'ची भावंडं. २००२ साली 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिकं पेझो या नव्या कंपनीकडे आली. २००३ मध्ये त्यांनी 'शॅकल्ड सिटी' क्रमशः छापायला घेतली, आणि मग 'एज ऑफ वर्म्स', 'सॅव्हेज टाइड'. २००७ मध्ये मासिकांचा परवाना संपला, तेव्हा पेझोने तीच कल्पना वेगळी काढून 'पाथफाइंडर' नावाने दर महिन्याला एक पुस्तक, सहा पुस्तकांची एक मोहीम, असा रतीबच सुरू केला. हिशोब साधा आहे. मासिकाला वर्गणीदार टिकवायचा असतो, आणि वर्गणीदार टिकतो 'पुढील अंकी चालू' या तीन शब्दांवर. त्यामुळे या मोहिमांची रचना मासिकातल्या क्रमशः कादंबरीची आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्याची ओढ. वाचायला तर अप्रतिम. पण आमच्या वेगाने एका भागाला पाच-सहा बैठका लागतात. सहा भाग म्हणजे तीस-पस्तीस बैठका, सुमारे चार वर्षं. बारा भागांची 'एज ऑफ वर्म्स' पहिल्यापासून घेतली तर सात-आठ वर्षं. आम्ही चौथ्या भागात थांबलो याचं आता मला काहीच आश्चर्य वाटत नाही. आठवड्याला बसणाऱ्या विशीतल्या मुलांसाठी ती लिहिली होती, आणि आम्ही तेवढेच दिवस विशीत होतो.

मग आमच्यासारख्यांसाठी कोणीच काही लिहिलं नाही का? लिहिलंय. पण तिथे जाण्याआधी 'मोहीम' या शब्दापाशी थोडं थांबू.

इंग्रजी कॅम्पेन हा शब्द मोकळ्या रानावरून आला. हिवाळा संपला की सैन्य उघड्या मैदानात उतरायचं, थंडी आली की परत छावणीत. आपल्याकडे ऋतू उलटे, रीत तीच. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची रीत सांगितली आहे: दसऱ्याला कूच, आठ महिने मुलुखगिरी, वैशाखात परत, पावसाळा छावणीत. इतकंच काय, निघताना प्रत्येकाजवळच्या मालाची यादी करायची आणि परतल्यावर ती ताडून बघायची. (कॅरॅक्टर शीट म्हणजे दुसरं काय असतं हो?) म्हणजे परत येणं हा मोहिमेचाच भाग होता. शेतं होती, घरं होती, माणसं दमायची. आणि जी मोहीम पावसाळ्याला घरी आली नाही तिचं काय झालं तेही आपल्याला पाठ आहे. भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाले, पावसाळा उत्तरेतच गेला, ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. पानिपतची कारणं पुष्कळ आहेत, ती सगळी इथे उगाळत नाही. पण घरापासून एवढे महिने, एवढं लांब राहिलेल्या लष्कराची रसद आणि ताकद कशी आटत जाते हे तिथे दिसतं.

तर छावणीत परतणारी मोहीम कोणी लिहिली? ग्रेग स्टॅफर्ड यांनी. त्यांचा 'पेंड्रॅगन' हा खेळ १९८५ चा, राजा आर्थरच्या सरदारांचा. त्यात साधारण एका बैठकीत एक वर्ष जातं. उन्हाळ्यात एक साहस, आणि मग 'हिवाळ्याचा टप्पा': शेतीचं उत्पन्न, लग्न, मुलं, वाढतं वय, दुखणीखुपणी, सगळं फाशांवर. तुमचा सरदार म्हातारा होतो, मरतो, आणि तुम्ही त्याचा मुलगा घेऊन पुढे खेळता. २००६ साली आलेली 'ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' इसवी सन ४८५ ते ५६६ अशी चारशेहून जास्त पानांत पसरली आहे. एक जण एका बैठकीला आला नाही? त्या वर्षी तो आपल्या वाड्यावर होता, झालं. गैरहजेरीला गोष्टीतच जागा. मला तर हे वाचून स्टॅफर्डना दंडवत घालावासा वाटला. फक्त ऐंशी वर्षं म्हणजे ऐंशी बैठका, आणि वर्षाला नऊच्या हिशोबाने आम्ही जवळपास पन्नाशीला पोचू.

दुसरा इसम बेन रॉबिन्स. त्यांनी 'वेस्ट मार्चेस' नावाची स्वतःची मोहीम चालवली आणि २००७ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. खेळाडू दहाच्या वर, ठरलेला वार नाही, ज्याला जमेल त्याने यायचं. नियम एक: बैठक संपताना सगळे गावात परत. ही काही छापील मोहीम नव्हे, पण तत्त्व तेच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अलीकडचे साहससंग्रह. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सध्याच्या प्रकाशकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी, २०२१ मध्ये 'कँडलकीप मिस्टरीज' काढलं: सतरा साहसं, प्रत्येक एका ग्रंथालयातल्या एकेका पुस्तकावरून सुरू होणारं. २०२२ मध्ये 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल': तेरा साहसं. एक तरंगतं नगर, तिथून वेगवेगळ्या देशांना जाता येतं, आणि काम झालं की परत नगरात. लेखक वेगवेगळ्या मुळांचे, आपापल्या संस्कृतीवरून प्रेरणा घेऊन लिहिणारे. त्यातलं एक साहस कोलकात्याच्या मिमी मंडल यांचं आहे, नद्यांच्या आणि पुराच्या शंखभूमीचं. १९७० च्या दशकापासून या खेळात भारताच्या वाट्याला आला तो वाघाच्या तोंडाचा राक्षस ('राक्षस' याच नावाने, तळहात उलटे!), त्या मानाने प्रगती आहे. खाडीकाठच्या माणसांना पूर आणि गाळ वेगळा समजावून सांगायला लागणार नाही.

संग्रहांवरचा आक्षेप मला माहीत आहे. यात मोठी गोष्ट नाही, सुटी सुटी साहसं आहेत, मोहिमेचा खरा आनंद म्हणजे 'तुला आठवतं का, तेव्हा आपण...' हे कुठून येणार? आक्षेप खरा आहे. एकांकिकांची माळ म्हणजे तीन अंकी नाटक नव्हे. पण स्टॅफर्डांचा हिवाळा इथे उसना घेता येतो. पुस्तक 'रेडियंट सिटाडेल', आणि दर दोन साहसांच्या मध्ये अर्ध्या तासाची छावणी. एक वर्ष गेलं असं धरायचं. प्रत्येकाने आपल्या पात्राचं त्या वर्षात काय झालं ते सांगायचं. लग्न, कर्ज, आजारपण, नवं घर. जो मागच्या बैठकीला नव्हता तो आधी सांगेल. साहसं पुस्तकातली, मोठी गोष्ट आमची. एका साहसाला दोन बैठका धरल्या तर तेरा साहसांच्या सव्वीस बैठका, म्हणजे तीन वर्षं. आणि समजा दीड वर्षातच गाडी बंद पडली, तरी सहा-सात मोहिमा पूर्ण झालेल्या असतील. अर्धवट काहीच उरणार नाही. कल्याणकराला मी हाच हिशोब पाठवला. त्याचा अंगठा आला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तुमचाही असा एखादा पांगलेला गट असेल (आणि खेळच कशाला, नाटकाचा असेल, ट्रेकचा असेल), तर माझा सल्ला एवढाच: 'सर्वात भारी कुठलं' हे विचारण्याआधी 'हे कुणाच्या वेळापत्रकासाठी बनलं होतं' ते विचारा. आठवड्याला भेटणारे असाल तर बेधडक 'मास्क्स' घ्या. वर्षातून एकदाच जमणार असाल तर 'रेव्हनलॉफ्ट'ची जुनी ३२ पानं घ्या, मेणबत्त्या लावा. आमच्यासारखे मेगाब्लॉकवाले असाल तर छावणी असलेलं काहीतरी बघा.

एक काम मात्र नव्या पुस्तकाच्या आधी करायचंय. 'एज ऑफ वर्म्स'ची आमची पात्रं अजून त्या चौथ्या भागाच्या वाटेवरच उभी आहेत, पंधरा वर्षं. त्यांची शीट्स एका डोंबिवलीकराने फाइलला लावून जपून ठेवली आहेत. तेव्हा पहिली बैठक साहसाची नसेल, छावणीची असेल. आपलं पात्र तिथून घरी कसं आलं, ते प्रत्येकाने सांगायचं.

मुहूर्त अर्थातच दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. फासे माझ्याकडे, चहा ठाणेकरांचा. मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघून कळवतो.